जावयाची गाडी आणि निसटलेली नळी

अधिक महिन्यात जावई म्हणून मराठवाड्यात जाण्याचे धोके मला आधी कोणी सांगितले नव्हते. खाऊन खाऊन आडवा होण्याचा धोका मी धरून चाललो होतो. पण आपण जे बोलू ते खरं मानलं जाण्याचा धोका त्याहून भयंकर असतो, हे मला परभणीच्या रस्त्यावर कळलं. परत येऊन आता महिना होत आला, तरी छापखान्यात कुणी 'बरोबर आहे तुमचं' म्हणालं की मी दचकून मागं बघतो.

मी पुण्यात एका छापखान्यात प्रूफं तपासतो. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की एकदा मोटारदुरुस्तीच्या एका पुस्तकाची प्रूफं माझ्याकडं आली होती. त्यातली पहिली आठ प्रकरणं मी तपासली. पुढची कुलकर्ण्यांना गेली. त्यामुळं पेट्रोल, प्लग, बॅटरी आणि ऑइल या विषयांत मी तयार आहे. त्यापुढं मोटारीत जे काही असतं ते कुलकर्ण्यांना ठाऊक.

एवढ्या विद्येवर मी मागच्या वर्षी एक वापरलेली मोटार घेतली. आधीचा मालक हौशी. त्यानं तिला व्हॅक्यूमचे ब्रेक बसवून घेतले होते. 'पायाला कष्ट नाहीत,' असं तो म्हणाला होता. व्हॅक्यूम म्हणजे काय हे मी त्याला विचारलं नाही. ते प्रकरण कुलकर्ण्यांकडं गेलेलं.

पालम

पुणे ते पालम हा रस्ता मी सांगत बसत नाही. ऊन, ढाबा, ऊन, पंक्चर, ऊन. बायको नलिनी सारा वेळ तोंडावर ओला रुमाल टाकून बसली होती. पालमला वेशीतून आत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती, भेगाळलेली, आणि त्यावर उन्हाची लाट थरथरत होती. एस.टी. स्टँडजवळ चहा पिणारी माणसं कप खाली ठेवून गाडीकडं बघत उभी राहिली. मी काच खाली केली आणि हाताचं कोपर बाहेर काढलं. त्या कोपराला पुढं चटका बसला तो वेगळाच.

सासरे दारातच उभे होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पंचवीसतीस वर्षं शाळेत शिकवून नुकतेच निवृत्त झालेले, अंगानं काटक, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सासूबाई पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या. त्यांच्यामागं धाकटी सुनंदा, माझी मेहुणी. बी.एस्सी., बी.एड. करून दोन वर्षं घरी बसलेली.

"दाजी, गाडी तुमीच चालवत आलात?" तिनं विचारलं.

"मग काय नलिनीनं?"

"न्हाई, म्हणलं, पोचलात म्हणून विचारलं."

सासूबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुढचं वाक्य गिळलं. त्या नजरेचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

त्या घरात धोंड्याच्या महिन्यात जावयाला जसं वागवतात ते सांगून पुण्यात कुणाला खरं वाटत नाही. आमच्याकडं जावई आला की त्याला 'चहा घेणार का' असं विचारतात, आणि उत्तराची वाट बघतात. इथं विचारत नाहीत. पाटावर बसवतात, समोर पुरण भरून उकडलेले धोंडे येतात, त्यावर तूप, आणि तूप थांबवायला हात आडवा धरला तर हातावर तूप. तेहतीस अनारसे चांदीच्या ताटात घालून दिले. संध्याकाळी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी आली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पण खरी गंमत जेवणात नव्हती. खरी गंमत अशी, की मी काहीही बोललो तरी ते पटत होतं.

"मामा, यंदा पाऊस लवकर येणार."

"येणार की. तुमी म्हणता म्हणजे येणारच."

"ही भिंत जरा पश्चिमेकडं कललीय."

"कललीय. मी बी कालच म्हणलो हिला."

भिंत सरळ होती. मी नंतर जाऊन बघितली. पण बोलायला बरं वाटत होतं, म्हणून बोलत राहिलो.

रात्रीच्या गप्पांत घरातली खरी गोष्ट कळली. परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची एक जागा निघाली होती आणि परवा मुलाखत होती. दोन वर्षांतली सुनंदाची ही सहावी का सातवी मुलाखत. मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून तिला मागणी आली होती. माणसं चांगली, पण त्यांच्या घरातल्या सुना बाहेर नोकरीला जात नाहीत. सासूबाईंना ते स्थळ फार पसंत होतं. मामांनी सुनंदाला सांगितलं होतं, या जूनला जागा मिळाली तर मिळाली. न्हाई तर मानवतला होकार कळवायचा.

"आणि जायचं कसं?" मी म्हणालो. "परवा तर एस.टी. बंद राहणार म्हणतात."

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन त्या भागात कितीतरी वर्षं चाललेलं. कधी नामांतर व्हावं म्हणून रस्ता रोको, कधी होऊ नये म्हणून बंद. कधी काय हे आदल्या दिवशीच कळतं. परवाच्या दिवशी गाड्या सुटणार नव्हत्या एवढं नक्की होतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाटावर जरा ताठ बसलो.

"आपली गाडी आहे ना," मी म्हणालो.

पूजा

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गाडीची पूजा काढली. नवी काय, जुनी काय, दारात पहिल्यांदा आलेलं वाहन. हळदकुंकू झालं, नारळ झाला, पुढं झेंडूची माळ. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, जरा झाकण उघडा. नुसत्या तोंडाला बांधून काय उपयोग? पोटात बी नाडा बांधते."

मी बॉनेट उघडलं आणि फोटो काढायला चारपाच पावलं मागं सरलो. सासूबाईंनी लाल-पिवळा नाडा एका काळ्या रबरी नळीला गुंडाळला. हाताला तेवढीच एक लागत होती. आणि त्यांनी गाठ मारली. आमच्या सासूबाई गाठ मारतात ती पोत्याला मारावी अशी, गुडघा टेकवून, दोन्ही हातांनी ओढून. फोटो छान आला आहे. त्यात सुनंदाचं तोंड उघडं दिसतं. मला वाटलं होतं ती हसतेय.

त्यानंतर गाडीला काहीतरी झालं. चालू केली की ती खोकायला लागली. थांबली असताना धडधडायची, मरत मरत जगायची, आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. पाय दिला की बरी, पाय काढला की पुन्हा खोकला. आणि बॉनेटखालून एक आवाज, साप असावा तसा, हिस्स करून.

मी धोतराचा काचा मारावा तसा पायजमा वर खोचला. आठ प्रकरणांचा अनुभव होता.

"पेट्रोलमध्ये रॉकेल आहे," मी जाहीर केलं.

"असंलच," मामा म्हणाले. "लय भेसळ हाय हल्ली."

टाकीत नवं पेट्रोल ओतलं. खोकला तसाच. मग मी प्लग काढले, घासले, परत लावले, आणि त्यातल्या दोन प्लगांच्या तारा अदलाबदल झाल्या. गाडीनं एक बार काढला. तो ऐकून समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून पळाली. तारा पुन्हा जागच्या जागी लावल्या. मग लाल दिवा ऑइलचा, म्हणजे ऑइल कमी, हे मी ठरवलं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून ऑइल आणून ओतलं. कांडी काढून बघितली तर ऑइल खुणेच्या वर गेलं होतं.

"जास्त झालं का?" मी विचारलं.

"जास्तच बरं," मामा म्हणाले. "कमी असण्यापरीस."

सुनंदा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "दाजी, मी एक बोलू?"

"सुनंदे," सासूबाई आतून म्हणाल्या, "शेवया कोण बघणार?"

ती उठून आत गेली.

दिवा काही जाईना. शेवटी मला चीड आली. दिवा चुकीचा लागतोय, गाडी ठीक आहे, असा मी निर्णय दिला. पुस्तकात होतं तसं, तिसऱ्या का चौथ्या प्रकरणात: कधीकधी दोष दिव्यातच असतो. नलिनीच्या कपाळावरची मोठी लाल टिकली मी काढून घेतली आणि त्या दिव्यावर चिकटवली. लुकलुकणं बंद झालं. म्हणजे दिसायचं बंद झालं.

"वा," मामा म्हणाले. "कसं सुचलं बघा!"

ब्रेकसुद्धा मला जरा जड लागत होता. त्याचं कारण मी पुरण धरलं. दोन दिवसांत पाय जड झाले असणार.

गंगाखेडच्या पुढं

मुलाखतीच्या दिवशी सकाळी निघालो. पुढं मामा, मागं सासूबाई आणि सुनंदा. सासूबाईंना वाटेत पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडायचे होते. नलिनी पालमलाच राहिली. टिकली लावून गेलेल्या गाडीत ती बिनटिकलीची बसणार नव्हती, असं ती म्हणाली.

रस्ता रिकामा. एरवी एस.टी.च्या धुळीत दिसत नाही ते सगळं त्या दिवशी दिसत होतं. बांधावरचे लिंब, उपटून ढीग लावलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, कडब्याच्या गंजी. गंगाखेडला गोदावरीचा पूल आला. पात्रात वाळूच वाळू, मधून पाण्याची एक बारीक वाट, आणि वाळूत खरबुजांचे वेल. एक माणूस भर उन्हात वाळूवर बसून खरबूज फोडत होता. पुण्यात नदी बघायला जातो आम्ही, पण नदीत बसून फळ खाणारा माणूस बघितलेला नव्हता. थांबून घ्यावं असं मनात आलं.

"थांबू का?" मी विचारलं.

"तुमी म्हणाल तसं," मामा म्हणाले.

"नको," सुनंदा पटकन म्हणाली. "थांबलं की गाडी बंद पडतीय. चालू ठेवा दाजी. आन् दमानं चालवा."

त्या वेळी मला तिचं बोलणं ठसक्याचं वाटलं. पुलानंतर रस्ता खराब होता. दगडी गिट्टीवरून गाडी थडथडत गेली आणि कुठंतरी खाली 'फट्' असा आवाज झाला. हिस्स होतं ते भस्स झालं. पण पाय दिलेला असल्यामुळं गाडी पळत होती, आणि मला वाटलं, सुटला एकदाचा खोकला.

फाटा

पोखर्णीच्या अलीकडं एक फाटा लागतो. रस्ता वळण घेऊन जरा उतरतो आणि मग फाट्यावर सरळ होतो. वळण संपलं आणि समोर माणसं दिसली. रस्त्यावर बसलेली. रांगाच्या रांगा, बाया, म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, मध्ये निळे झेंडे रोवलेले, सावलीला दोन छत्र्या. नामांतराचा रस्ता रोको.

मी ब्रेकवर पाय ठेवला.

ब्रेक दाबला गेला नाही. पायाखाली दगड होता, दगड. मी सीटवरून उठून त्यावर उभा राहिलो. गाडी जराशी मंदावली आणि चालतच राहिली. मामा 'अहो' म्हणाले. मागून सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. पुढची माणसं उठून पळायला लागली, छत्र्या लोळल्या, कुणीतरी किंचाळलं. मी हातब्रेक ओढला, तो सगळा हातात आला की काय असं वाटलं, चाक पूर्ण डावीकडं फिरवलं, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसून कडाड कडाड करत थांबली. इंजिन धडधडत राहिलं.

एक म्हातारी मात्र उठलीच नव्हती. ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर माझ्या गाडीची झेंडूची माळ लोंबत होती. तिनं माळेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लय घाई हाय का रं बाबा?" ती म्हणाली.

मी दार उघडून खाली उतरलो तो उतरलो नाही, ओघळलो.

तोवर पोरांनी गाडीला घेरलं होतं. त्यांचं काहीही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या मागणीसाठी बसणाऱ्या लोकांवर काय काय गुदरलं होतं ते त्यांनाच ठाऊक, आणि आता एक पुण्याची गाडी भरधाव त्यांच्या अंगावर आली होती.

पुढं एक तरुण आला. सडपातळ, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तो ओरडला नाही. तेच जास्त भीतीचं होतं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "ब्रेक पुण्याला ठेवून आलात का?"

"ब्रेक लागला नाही," मी म्हणालो. "देवाशप्पथ. लागलाच नाही."

"असं प्रत्येकच म्हणतो. कालपर्यंत लागायलाता का?"

"जड होता. पण मला वाटलं, पुरणामुळं..."

मागून कुणीतरी हसलं, कुणी शिवी दिली. तो तरुण म्हणाला, "दाखवा. लागत न्हाई तर दाखवा. सगळ्यांच्या समोर."

मी बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिलो. काय दाखवू? पेट्रोलमधली भेसळ? मी तोंड उघडलं, "हे बघा, प्लगमध्ये..."

"दाजी, तुमचं चुकायलंय."

सुनंदा उतरली होती. मुलाखतीचं पातळ, हातात सर्टिफिकिटांची पिशवी. तिनं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली आणि पदर खोचून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"प्लग न्हाई, पेट्रोल न्हाई. कालपासनं चुकायलंय. आईनं नाडा बांधला तवा ही नळी ओढली गेली. अर्धी निसटली होती, मी ऐकलं फुस्स झालेलं. आईनं तशीच परत लावली. आता पूर्णच निघाली." मग तिनं त्या तरुणाकडं बघितलं. "गौतम, हात दे इकडं."

तो तिच्याबरोबर बी.एड.ला होता, हे मला तेव्हा कळलं.

"इथं. ह्या भोकावर तळवा ठेव."

गौतमनं इंजिनावरच्या त्या उघड्या तोटीवर तळहात ठेवला. इंजिननं त्याचा हात धरला. अक्षरशः ओढून धरला. आणि धडधड, खोकला, हिस्स सगळं क्षणात थांबलं. गाडी गोड, एकसारखी चालायला लागली. मी आत वाकून टिकली उचकटली. लाल दिवा विझलेला होता.

"इंजिन हवा ओढतं," सुनंदा सांगायला लागली, आणि तो आवाज थेट वर्गातला होता. "त्या ओढीनं ही नळी ब्रेकच्या डब्यातली हवा काढून घेती. म्हणून पाय हलका लागतो. नळी निघाली की दोन गोष्टी. ब्रेकला मदत न्हाई, म्हणून दगड. आन् इंजिनात फुकटची हवा, म्हणून खोकला. फुटक्या नळीनं रस प्यायला बघा, तसं. इंजिन मरायला टेकलं की ऑइलचा जोर कमी पडतो, आन् दिवा लागतो. दिवा खरं बोलत होता दाजी."

"तुला कालपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"मला, आईला, आबाला. आबांनी नळी लटकलेली बघितली होती काल."

आबा म्हणजे मामा. मी मामांकडं वळलो. ते पऱ्हाट्यांकडं बघत होते.

"जावयाला कसं म्हणायचं," ते म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात, की तुमाला कळत न्हाई?"

मला इतका धक्का गाडी ढिगात घुसताना बसला नव्हता. भिंत सरळ होती, पाऊस यायचा नव्हता, नळी निघालेली होती, आणि सगळं घर मला 'बरोबर, बरोबर' म्हणत त्या म्हातारीच्या अंगावर घालायला निघालं होतं.

कुणाची तरी सायकल होती. तिच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली. सुनंदानं नळीचं चिरलेलं टोक ब्लेडनं कापलं, उरलेली नळी तोटीवर दाबून बसवली आणि पट्टीनं आवळून बांधली. नाडा तिनं सोडला आणि आईच्या हातात दिला. मग गौतम स्वतः गाडीत बसला आणि त्यानं ब्रेक दाबून बघितला. सगळी माणसं खिडकीतून वाकून त्याच्या पायाकडं बघत होती.

"मघाशी दगड होता," तो म्हणाला. "आता लोणी हाय."

म्हातारीनं निकाल दिला. "म्हणजे हे पाव्हणं खोटं न्हाई बोलत. नुसतं येडं हाय."

लोक हसले. मीसुद्धा हसलो, रडू येऊ नये म्हणून. कुणीतरी मला मडक्यातलं पाणी दिलं. बाया सासूबाईंजवळ बसून 'असू द्या, असू द्या' म्हणत होत्या, कारण सासूबाई नाडा हातात धरून ढसाढसा रडत होत्या.

गौतमनं दोन पोरांना सांगून रस्ता दिला. "मुलाखतीला जायलीय ती. जाऊ द्या."

आणि इथं मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. ऊर भरून आला होता. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "चला हो तुम्हीसुद्धा. परभणीला काही काम असेल तर सोडतो. जागा आहे."

मागं सासूबाईंचं रडणं एकदम थांबलं.

"काम हाय," गौतम म्हणाला. "पण मी जात न्हाई. हितं बसायचं ठरलंय."

"जा रं," म्हातारी म्हणाली. "तू एक उठल्यानं रस्ता मोकळा व्हायला न्हाई. आमी बसलो की."

तो सुनंदाकडं बघत होता. सुनंदानं किती वेळ घेतला कुणास ठाऊक. मग तिनं मागचं दार उघडलं.

"बस," ती म्हणाली.

गाडी बरीच पुढं आल्यावर मी गप्पा माराव्यात म्हणून विचारलं, "मग, परभणीला काय काम काढलंत?"

"तेच," गौतम म्हणाला. "विज्ञानाची जागा. मला बी बोलावणं हाय."

"जागा किती आहेत?"

"एक," सुनंदा म्हणाली.

पोखर्णीला आम्ही थांबलो नाही. सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले.

परभणी

शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तर कारकून म्हणाला, "बसा. मुलाखती सुरूच झाल्या न्हाईत. अध्यक्षसाहेब गंगाखेडहून यायलेत. रस्त्यात अडकलेत."

"कुठं?" मी विचारलं.

"पोखर्णीच्या अलीकडं. रस्ता रोको हाय म्हणं."

आम्ही सगळे गौतमकडं बघायला लागलो. तो कपाळाला हात लावून बसला.

मला लगेच युक्ती सुचली. गाडी काढतो, गौतमला नेतो, तो दोन शब्द बोलेल, साहेबांची जीप सुटेल, दोघांचंही काम होईल. मी तसं म्हणालो.

"न्हाई," गौतम म्हणाला. "ऊन कलल्यावर उठायचं ठरलंय. माझ्या नोकरीसाठी मी ते मोडायचं का?"

मी सुनंदाकडं बघितलं. ती म्हणाली, "बसा दाजी."

ऊन कललं तेव्हा जीप आली. अध्यक्ष खादीतले म्हातारे, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. आधी सुनंदा आत गेली, हसतमुख बाहेर आली. मग इतर दोघं. शेवटी गौतम. खिडकी उघडी होती आणि तिच्याखालीच बाक होता. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण उठलोही नाही.

"तू कसा पोचलास? रस्ता तर बंद होता."

"बंद आमीच केला होता, साहेब."

आत काहीतरी खाली पडलं. पेन असावं. मी डोळे मिटून घेतले.

"तू त्या लोकांतला आहेस?"

"होय. सकाळपासनं तिथंच होतो. पुन्हा बसायचं ठरलं तर पुन्हा बसणार हाय."

"तिथं एक बाई बाळंतपणासाठी बैलगाडीतून आली. रस्ता देऊन लगेच पुन्हा बसले सगळे. मी उतरून विचारलं, हे कुणी लावून दिलंय. गौतमनं, असं लोक म्हणाले. तो गौतम तूच का?"

"होय साहेब."

मग अध्यक्ष म्हणाले, "नववीचा वर्ग बघितलाय कधी? तिथंही असंच काहीतरी लावून द्यावं लागेल."

व्हरांड्यात येऊन त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. जागा गौतमला. बाकीच्यांना कळवू, पुढं संधी निघाली तर.

ज्या माणसाला मी ऊर भरून गाडीत घेतलं, त्यानंच माझ्या मेहुणीची जागा नेली होती. मामांच्या चेहऱ्याकडं बघवेना. सुनंदा मात्र सरळ गौतमकडं गेली.

"मार्क बी तुझेच जास्त होते," ती म्हणाली. "आता वर्गात तरी पोरांचा रस्ता अडवू नको."

तो हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला. फाट्याला परत सोडू का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "नको, तुमी व्हा पुढं. मी बघतो." आणि चालायला लागला.

परतताना सुनंदा पुढं माझ्या शेजारी बसली. डोळ्याला पदर लावला तो तिनं बाहेरच्या बाजूनं, मला दिसू नये म्हणून. मामा मागं. फाटा आला, रस्ता रिकामा होता, पऱ्हाट्यांचा विस्कटलेला ढीग तेवढा दिसला.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "त्याला गाडीत घ्यायला नको होतं."

मी मामांच्या 'न्हाई न्हाई, जावईबापू'ची वाट बघत होतो. आलं नाही.

"न्हाई दाजी," सुनंदा म्हणाली. "परवापासनं तुमचं एवढंच एक बरोबर आलं."

मागून सासूबाईंचा आवाज आला. रडून बसलेला. "मानवतला कळवा, औंदा जमत न्हाई म्हणून."

"कुणाला विचारून?" मामा म्हणाले.

"कुणाला न्हाई. ही आज शंभर माणसांच्या समोर शिकवायलाती. मी ऐकलं. आता तिला चुलीपाशी कोंडून कसं ठेवू?"

मामांनी सवयीनं पुढं झुकून विचारलं, "जावईबापू, तुमी काय म्हणता?"

पुढं उतार होता. मी ब्रेकवर पाय ठेवला, हलकेच, आणि गाडी हळू झाली.